आठ रात्रींचा हिशेब

दसरा जवळ आला की जळगावच्या मेहरूण तलावाला संध्याकाळची फेरी मारणाऱ्यांच्या गप्पांत एक विषय हमखास येतो: यंदा कुठे जायचं? प्रत्येक घरात दोन पक्ष असतात. एकाला समुद्र हवा, दुसऱ्याला डोंगर, आणि रजा तर एकाच आठवड्याची. मग तीन दिवस इकडे, तीन दिवस तिकडे अशी तडजोड होते आणि अर्धा आठवडा गाडीत बसून जातो.

महाराष्ट्रात समुद्र आणि डोंगर एकमेकांपासून लांब नाहीत. सह्याद्रीचा कडा किनाऱ्यापासून बहुतेक ठिकाणी साठ-सत्तर किलोमीटरच्या आत उभा आहे. लांब आहोत ते आपण खान्देशातले. म्हणून कोकणात एका वाटेने उतरायचं, घाट चढून वर यायचं आणि दुसऱ्याच वाटेने घरी परतायचं. गेल्या वाटेने माघारी फिरलं की एक दिवस वाया गेलाच म्हणून समजा. अशा गोल प्रवासासाठी मला सगळ्यात सोयीची वाटते ती मालवण, आंबोली आणि कोल्हापूर ही रांग. कारण साधं आहे. कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस पुणे, दौंड, नगर, मनमाड करत थेट जळगावला येते. घाट चढून वर आलं की घरची गाडी समोर उभी.

आखणी करताना दिवस मोजू नका, रात्री मोजा. शुक्रवारी रात्री जळगाव सोडलं आणि पुढच्या शनिवारी सकाळी परतलं, तर नोकरदाराच्या रजा पाचच जातात, रात्री मात्र आठ मिळतात. त्यांतली पहिली आणि शेवटची गाडीत. उरलेल्या सहांपैकी तीन मालवणला, दोन आंबोलीला, एक कोल्हापूरला. यात गोवा घुसवायचा मोह होतो, कारण नकाशावर तो अगदी खेटून दिसतो. घुसवलात तर आंबोलीची एक रात्र जाईल, आणि डोंगरवाला पक्ष वर्षभर ऐकवेल.

तिकिटं काढताना परतीपासून सुरुवात करायची. नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचं आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं. जायच्या वाटेला पर्याय आहेत, परतीला थेट गाडी म्हटली की महाराष्ट्र एक्स्प्रेसच. परतीची तारीख जाण्याच्या तारखेनंतर आठवड्याने उघडते, तेव्हा आधी जाण्याचं तिकीट काढून मोकळं व्हायचा मोह होतो. तो आवरा. किंवा काढाच, पण परतीचं हातात येईपर्यंत खोल्यांचे पैसे भरू नका.

जाण्याला दोन रस्ते. निजामुद्दीनहून एर्नाकुलमला जाणारी मंगला एक्स्प्रेस भुसावळवरून आपल्याच मार्गाने येते आणि कल्याण-पनवेल करून कोकण रेल्वेला लागते. कोकणात ती मोजक्याच स्टेशनांवर थांबते, तेव्हा थांबा बघूनच तिकीट काढावं. दुसरा रस्ता मला अधिक आवडतो: रात्रीच्या गाडीने पहाटे कल्याण किंवा ठाणे गाठायचं आणि ठाण्याहून सकाळची मांडवी एक्स्प्रेस धरायची. मध्ये दोन तासांची सवड ठेवा, आपल्याकडच्या गाड्या वेळेवर पोचतीलच असं नाही. मांडवी दिवसाउजेडी कोकणातून जाते. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो, आणि पलीकडे पानवलचा पूल, 64 मीटर उंच. पोरं खिडकी सोडत नाहीत. कुडाळला उतरलं की मालवण रस्त्याने तासाभरावर. जळगावहून गोव्याला विमानही 2024 मध्ये सुरू झालं. आखताना ते चालू आहे का बघावं, पण विमानाने गेलात तर पूल आणि बोगदे दोन्ही हुकले.

महिना कोणता, हा खरा अवघड प्रश्न. आंबोली पावसाची. जळगावात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आंबोलीत त्याच्या दहापट. धबधबे जून ते सप्टेंबर भरात असतात, आणि नेमकं त्याच काळात मालवणचा समुद्र खवळलेला, किल्ल्याच्या होड्या बंद. म्हणजे धबधबा आणि समुद्र एकाच आठवड्यात पुरते मिळत नाहीत. त्यातल्या त्यात मधली वेळ म्हणजे कोजागिरी ते दिवाळी. होड्या सुरू झालेल्या असतात, आंबोलीच्या कातळांवरून थोडं पाणी अजून उतरत असतं, गर्दी दिवाळीनंतर येणार असते. दुपारी मात्र घाम गाळायची तयारी हवी. घाम नको असेल तर डिसेंबर-जानेवारी. मग धबधबा विसरायचा आणि सकाळच्या धुक्यावर समाधान मानायचं. फेब्रुवारीत जाणार असाल तर आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख आधी विचारा. ती तिथीवर ठरत नाही, देवीच्या कौलावर ठरते, आणि त्या दिवसांत कोकणातली गाडी आणि मालवणातली खोली मिळणं कठीण.

महिना ठरला की आठवडा. इथे भिंतीवरचं कालनिर्णय काढायचं. मेहरूणचा तलाव चढतो तो पावसाळ्यात आणि उतरतो उन्हाळ्यात. समुद्र दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, आणि रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिराने. किनाऱ्यावरच्या जुन्या लोकांचा हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणा, येईल ती भरतीची ढोबळ वेळ. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती आणि भर दुपारी ओहोटी. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वा अकरा. जागेनुसार थोडं पुढेमागे होतं, पण आखणीला एवढं पुरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या दिवसांत उधाण असतं, पाण्याला ओढ असते, तळाची वाळू उठून पाणी गढूळ होतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो. चढउतार कमी, ओढ कमी, पाणी त्या मानाने नितळ. तेव्हा ज्या आठवड्यातल्या रविवारी-सोमवारी सप्तमी-अष्टमी येते, तो आपला आठवडा. हॉटेल शोधण्याआधी पंचांग बघणारं बिऱ्हाड म्हणून लोक हसतील. हसू देत.

मालवणात रविवारी सकाळी लवकर पाण्यात उतरायचं ते उतरा. दुपारनंतर समुद्रावरून खारे वारे सुटतात आणि पाणी हलायला लागतं. स्कूबा करणार असाल तर ती याच दिवशी, आणि हे मुद्दाम सांगतो, कारण समुद्र आणि घाट एका आठवड्यात जोडणाऱ्यालाच त्याची गरज पडते. पाण्याखाली दाब वाढतो, तेव्हा श्वासातला नायट्रोजन रक्तात जास्त विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू निघून जायला वेळ लागतो. त्याआधीच उंचावर गेलं, तर बाहेरचा दाब कमी झाल्याने त्याचे बुडबुडे होऊ शकतात. विमानात बसण्याआधी पाणबुड्यांना 12 ते 18 तास थांबायला सांगतात ते यासाठी. मालवणात पर्यटकांना नेतात ती बुडी उथळ असते, आणि आंबोली जेमतेम 690 मीटर उंच, धोका तसा थोडाच. पण रविवारी बुडी आणि मंगळवारी घाट असं ठेवलं की प्रश्नच राहत नाही.

सोमवार सिंधुदुर्गाचा. 1664 च्या नोव्हेंबरात कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी त्याचं बांधकाम सुरू केलं. चहूकडे खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. पाण्यासाठी टँकरची वाट पाहिलेल्या माणसाने त्यांच्या काठाशी जरा रेंगाळावं. किल्ल्यात राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिरही आहे. दुपारनंतर तारकर्ली आणि पुढे देवबाग, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते. मासे खाणाऱ्यांनी ताव रविवारीच मारून घ्यावा. सोमवारी मालवणातल्या कित्येक घरांत मासे शिजत नाहीत आणि घरगुती खानावळीत त्याचा फरक जाणवतो. शाकाहारी मंडळींना सोलकढी, काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळ्या आहेत, त्यांची आबाळ होत नाही.

सोमवारी संध्याकाळी एक काम विसरू नका: ओले, खारट कपडे गोड्या पाण्यातून काढून वाळवणं. आंबोलीत धुकं उतरलं की रुमालसुद्धा वाळत नाही. समुद्र आधी आणि डोंगर नंतर या क्रमाची सोय इथे कळते. बॅग हलकी आणि कोरडी होऊनच घाट चढते.

मंगळवारी सावंतवाडी. इथेही गावाच्या मध्यावर तलाव आहे, मोती तलाव. मेहरूणकराला काठावर बसवून दिलं की तो तासभर उठत नाही. चितारआळीत लाकडी खेळणी आणि फळं मिळतात, राजवाड्यात गंजिफाचे पत्ते रंगवताना बघता येतात. चारच्या आत निघा, कारण घाट उजेडात चढायचा आहे. सावंतवाडी ते आंबोली तीसेक किलोमीटर, पण वळणांची सवय आपल्या सपाट मुलखातल्या पोटांना नाही. जेवण हलकं, जागा पुढची, खिशात आवळासुपारी.

आंबोलीला पोचल्यावर हवा चारेक अंशांनी उतरलेली असते, कारण हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी कमी होतं. बुधवार पूर्ण पायी घालवा. सकाळी हिरण्यकेशी. नदी तिथे गुहेतून निघते आणि मंदिराशी कुंडात येते. त्या कुंडात सापडलेल्या एका छोट्या माशाला 2020 मध्ये नदीचंच नाव मिळालं, आणि पुढच्या वर्षी ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाली. कुंडात उतरू नका, निर्माल्य टाकू नका. दुपारी कावळेसाद, संध्याकाळी महादेवगड. हवा स्वच्छ असली तर पश्चिमेला कोकणाचा सखल पट्टा पसरलेला दिसतो. समुद्र त्या बाजूला इतका जवळ, तरी हिरण्यकेशीचं पाणी पाठ फिरवून घटप्रभा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला जातं. आणि आपली गिरणा तापीत मिसळून शेकडो किलोमीटर पश्चिमेला चालत अरबी समुद्र गाठते. भूगोलाच्या तासाला हे पाठ केलं होतं, कळलं मात्र त्या कठड्याशी उभं राहिल्यावर.

गुरुवारी सकाळ आंबोलीतच काढून आजऱ्यामार्गे कोल्हापूर. एसटीने तीन-चार तास धरा. वाटेत आजरा घनसाळ तांदूळ घ्यायचा तर किलोभरच, ओझं जळगावपर्यंत न्यायचं आहे. एसटीत महिलांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे आणि 75 वर्षांपुढच्यांना तिकीटच नाही, ओळखपत्र तेवढं वरच्या कप्प्यात ठेवा. चारपाच जण असाल तर मालवण-सावंतवाडी-आंबोली एवढ्या टप्प्याला गाडी ठरवणं परवडतं. आठवडाभर दारात गाडी उभी करून ठेवणं मात्र नाही परवडत.

शुक्रवार अंबाबाईचा वार, रांग मोठी. पहाटे गेलात तर नऊपर्यंत मोकळे. मग मिसळ, रंकाळा, आणि दुपारची गाडी.

बरोबर काय न्यावं, तर जाताना दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि केळीचे वेफर्स. थंडीत जाणार असाल तर मेहरूणची बोरं दोन पिशव्या जास्त घ्या. मालवणात घरगुती राहण्याच्या जागी यजमानीणबाईंच्या हातात एक पिशवी ठेवली की दुसऱ्या दिवशी ताटात न मागता काहीतरी जास्तीचं येतं. शनिवारी सकाळी जळगाव, आणि रविवार अख्खा कपडे धुवायला.