पावसाळ्यात अपघाताच्या जागा बदलतात

कोरड्या दिवसांत सरळ, मोकळ्या रस्त्यावरचा वेग अंगाशी येतो. पाऊस लागला की धोका वळणांकडे, उतारांकडे आणि सखल भागांकडे सरकतो. ओल्या डांबरावर टायरची पकड बरीच कमी होते, आणि वळणावर गाडी रस्त्यात राहते ती याच पकडीमुळे. पहिल्या पावसात साठलेलं तेल आणि धूळ मिसळून रस्ता आणखी निसरडा होतो. साचलेल्या पाण्यात गाडी वेगात शिरली तर टायरखालचं पाणी बाजूला सरत नाही. गाडी पाण्याच्या थरावर तरंगते, मग स्टिअरिंगही ऐकत नाही आणि ब्रेकही.

आंबोली, खंडाळ्यासारख्या घाटांत त्यात धुक्याची भर पडते. मुंबईत मात्र पावसात एक कोरडी जागाच घातक ठरते: उड्डाणपुलाखालचा पट्टा. भिजू नये म्हणून दुचाकीस्वार तिथे भर रस्त्यात थांबतात आणि मागून येणाऱ्याला उशिरा दिसतात. त्यांना नुसता दोष देऊन भागणार नाही. रस्त्याच्या कडेला आडोसे उभारायला हवेत.

पुलांची गोष्ट सर्वांत गंभीर. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि एसटीच्या दोन बस नदीत गेल्या. अंधारात पुढे पूल उरलेला नाही, हे चालकांना कळणं कठीण होतं.

वेग निम्मा केला, तर ब्रेक लागल्यावर गाडी थांबायला साधारण पाव अंतर पुरतं. पावसात एवढं तरी कराच, आणि पुलावरून पाणी वाहत असेल तर अलीकडेच थांबा.