गाळून पाहावे, न गाळता राखावे

मेंदूत विजेचे व्यवहार अहोरात्र चालू असतात, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. परंतु जिवंत मेंदूतून ते टिपून घेताना शास्त्रज्ञाच्या डोळ्यांपुढे नेमके काय येते, आणि त्यातले मेंदूचे किती व उपकरणाचे किती, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. आम्ही येथे तोच प्रश्न घेणार आहोत. विषय तज्ज्ञांचा दिसतो खरा. पण ज्याच्या घरी अपस्माराचा रोगी आहे आणि ज्याने मेंदूच्या लहरींचा आलेख डॉक्टरांच्या टेबलावर पाहिला आहे, त्याला तो परका वाटण्याचे कारण नाही.

प्रथम मूळ वस्तू पाहू. एक मज्जापेशी दुसरीला निरोप देते तेव्हा विजेचा एक झटका उत्पन्न होतो. तो सुमारे एक सहस्रांश सेकंद टिकतो. पेशीच्या बाहेर, अगदी लगत, बारीक तारेचे टोक ठेवले तर हा झटका काही दशक ते काही शतक मायक्रोव्होल्ट इतका भरतो. आपल्या विजेरीतील साधा सेल दीड व्होल्टाचा. १५० मायक्रोव्होल्टांचा झटका म्हणजे त्याचा दहा हजारावा भाग! या चपळ झटक्यांच्या खाली हजारो पेशींच्या एकत्रित हालचालीतून उठणाऱ्या संथ लहरी असतात. जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ साली मानवी मस्तकावरून अशाच लहरी प्रथम टिपल्या आणि १९२९ साली प्रसिद्ध केल्या. या दोहोंत न बोलावलेले पाहुणेही येतात. स्नायूंची थरथर येते, श्वासाबरोबरची हालचाल येते, आणि भिंतीतल्या तारांमधून सेकंदाला ५० आवर्तनांची वीज डोकावते. सभामंडपातील ध्वनिक्षेपकातून पुष्कळदा जी घूं घूं ऐकू येते, ती याच पाहुण्याची भावंड होय.

मग हे सर्व नुसते साठवून पुढे सवडीने का पाहू नये? याचे उत्तर केंब्रिजच्या एड्रियन यांच्या प्रयोगशाळेत मिळते. १९३२ साली नोबेल पारितोषिक मिळालेल्या या शास्त्रज्ञाने मज्जातंतूंचे झटके कर्ण्यातून ऐकण्याची सोय केली होती. एकदा अंधाऱ्या खोलीत त्यांनी एका भेकाच्या नेत्रतंतूवर तारा जोडल्या असता कर्णा मधूनमधून खडखडू लागला. कारण काही उमगेना. शेवटी त्यांच्या ध्यानात आले, की आपण खोलीत हिंडतो तेव्हाच आवाज येतो. भेकाचा डोळा त्यांनाच पाहत होता आणि तसे मेंदूला कळवीत होता! हे झटके नुसते नोंदवून महिन्याने तपासले असते, तर त्यांचा आपल्याच पावलांशी असलेला संबंध कोणास सुचला असता? घडत असताना पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते. तार सरकली, पेशी मेली, जोडणी सुटली, हे त्याच क्षणी कळले तरच उपाय करता येतो.

एड्रियन यांच्यापुढे एक तंतू होता. आजच्या संशोधकापुढे शेकडो पेशी असतात. २०१७ साली जाहीर झालेल्या न्यूरोपिक्सेल्स या शलाकेची लांबी एक सेंटिमीटर आणि रुंदी सत्तर मायक्रॉन, म्हणजे साधारण केसाएवढी. तिच्यावर ९६० टिपणस्थाने असून त्यांपैकी ३८४ एका वेळी वाचता येतात. प्रत्येक स्थानाचे माप सेकंदाला ३०,००० वेळा घेतले जाते. गुणाकार केला तर सेकंदाला एक कोटीहून अधिक आकडे आणि तासाला सुमारे ८३ गिगाबाइट माहिती होते. एवढा पूर पडद्यावर जसाच्या तसा सोडला, तर डोळ्यांना लहरींच्या गुंत्याखेरीज काही दिसणार नाही. येथे गाळणीची गरज लागते.

या गाळण्या मुख्यतः तीन प्रकारच्या. पहिली सेकंदाला ३०० आवर्तनांहून मंद असलेले सारे अडवते. संथ लाटा बसतात आणि झटके सुयांसारखे उभे राहतात. दुसरी तेवढी ५० आवर्तनांची घूं घूं वेचून काढते. तिसरी सर्व वाहिन्यांची सरासरी काढून ती प्रत्येकीतून वजा करते. जो आवाज सर्वांत सारखा आहे तो बाहेरचा असावा, असा तिचा कयास.

गाळण्या गुणी खऱ्या, परंतु निष्पाप नव्हेत. देवळातील घंटेवर एकदाच टोल द्या. घंटा कितीतरी वेळ घुमत राहते. टोल एक, नाद मात्र लांबलचक. अरुंद गाळणीचे तसेच आहे. अपस्माराच्या रोग्याच्या आलेखातील एक तीक्ष्ण टोक तिच्यातून गेले, की बाहेर पडताना ते चपळ लहरींच्या झुबक्यासारखे दिसू शकते. आता असे खरे झुबके मेंदूचा रोगट भाग ओळखण्याची एक खूण म्हणून अभ्यासले जातात. खोट्या झुबक्यास खरा मानले, तर शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्या वैद्याची नजर भलत्याच जागी वळेल. उलट, चपळ भाग फार कापला तर जबडा आवळल्याने आलेली स्नायूंची खरखर गुळगुळीत होऊन मेंदूच्या लहरीचे सोंग घेते. सरासरीच्या वजाबाकीतही धोका आहे. पुष्कळ वाहिन्यांत एखादी खरी लहर एकदम आली, तर ती तेथून पुसली जाते आणि जेथे ती नव्हतीच तेथे उलटी होऊन उमटते.

आणखी एक अडचण आहे. चालू क्षणी गाळणाऱ्या यंत्राला पुढचा क्षण ठाऊक नसतो. मागचे तेवढे पाहून त्याला निवाडा करावा लागतो, म्हणून लहरी थोड्या मागे सरकतात व त्यांचा आकार बदलतो. नोंद पुरी झाल्यावर मात्र तीच गाळणी एकदा पुढून मागे आणि एकदा मागून पुढे फिरवून हा दोष काढता येतो. अर्थात त्यासाठी मूळ नोंद हाती असली पाहिजे.

येथेच आमचे म्हणणे येऊन ठेपते. पाहण्याची गाळणी आणि साठवण्याची नोंद या दोन गोष्टी निराळ्या राखाव्यात. शाईच्या लेखण्यांनी कागदावर आलेख काढीत तेव्हा ही सोय नव्हती; गाळणीचे बटण जेथे ठेवले असेल, तेच कागदावर कायमचे उमटे. संगणकाने ही अडचण दूर केली. स्पाइकजीएलएक्स या सॉफ्टवेअरमध्ये आलेखाच्या खिडकीत कोणतीही गाळणी लावली, तरी ती फक्त डोळ्यांपुरती. तबकडीवर जाणाऱ्या आकड्यांना तिचा स्पर्श होत नाही. ओपन ईफिज या दुसऱ्या, सर्वांस खुल्या सॉफ्टवेअरमध्ये टप्प्यांची साखळी आपणच जुळवायची असते. नोंदीचा टप्पा गाळणीच्या आधी ठेवला तर मूळ वस्तू राहते. नंतर ठेवला तर गाळलेलीच राहते. पडद्यावर दोन्ही वेळा चित्र सारखेच सुरेख दिसते. म्हणून प्रयोगापूर्वी साखळी एकदा नीट पाहून घ्यावी.

कोणी म्हणेल, तासाला ८३ गिगाबाइटांची अडगळ कशाला? निवडलेले झटके तेवढे ठेवावेत. खर्चाचा मुद्दा आम्हांस मान्य आहे. पण सुपातून पाखडलेला कोंडा अंगणात तरी सापडतो. येथे टाकलेले पुन्हा मिळत नाही. त्या नोंदीसाठी एका जनावराचा जीव गेलेला असतो, किंवा एखाद्या रोग्याने मस्तकात तारा वागवीत रात्री काढलेल्या असतात. उद्या झटके ओळखण्याची अधिक चांगली रीत निघाली, तर ती चालवायला मूळ नोंदच लागेल.

अर्थात सर्वस्वी न गाळलेले असे काही नसते, हेही सांगितले पाहिजे. चित्रपटात गाडीचे चाक कधी उलटे फिरताना दिसते, कारण चित्रे तुटक घेतलेली असतात. सेकंदाला ३०,००० मापे घेतली तर १५,००० आवर्तनांहून चपळ लहर अशीच मंद लहरीचा वेष घेऊन येते. म्हणून मापण्याआधीच तिला अडवावे लागते. तेव्हा मूळ नोंदीसोबत ती कोणत्या गाळणीतून आली हेही लिहून ठेवावे.

आणि आपल्यापैकी कोणाच्या हाती कधी असा आलेख आला, तर त्याच्या कडेला छापलेले गाळणीचे आकडे आवर्जून पाहावेत व त्यांचा अर्थ डॉक्टरांना विचारावा. त्या प्रश्नात कोणाचा अविश्वास नाही. आलेखावरील रेघ मेंदूने काढली, की वाटेत गाळणीचाही तिला हात लागला, एवढेच त्यातून कळते.