शंख, चक्र आणि आजीचा अंगठा

सकाळी हिंजवडीत ऑफिसच्या दारातल्या मशीनवर बोट टेकवायचं की दार उघडतं. एकदम सोप्पं! त्याच मुळशी तालुक्यात, धरणाच्या बाजूच्या आमच्या गावात, आजीने रेशनच्या मशीनवर पाचदा अंगठा ठेवला. "आजी, अंगठा लागत नाही," दुकानदार म्हणाला. ती रिकामी पिशवी घेऊन परत आली. "म्या म्हंजी म्याच न्हाई का रं?" तिने मला विचारलं. माझी बोलतीच बंद!

लहानपणी हीच आजी माझ्या बोटांवरचे शंख-चक्र मोजायची. ते येतात कुठून? मंडळी, फंडा भन्नाट आहे. आईच्या पोटात साधारण तिसऱ्या महिन्यात बाळाच्या बोटांच्या टोकांवर उशीसारखे फुगवटे असतात. तिथे कातडीच्या वरच्या थराचा तळ झपाट्याने वाढतो आणि त्याच्या घड्या पडतात. २०२३ साली एडिनबरा विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं, की या रेषा लाटांसारख्या तीन जागांहून पसरतात: फुगवट्याचा मध्य, नखाखालची कड आणि पेराची घडी. लाटा कुठे भेटतात, यावर शंख की चक्र ते ठरतं. त्यात बारीकसारीक योगायोगही खूप, म्हणून अगदी सारख्या दिसणाऱ्या जुळ्यांचेही ठसे वेगळे.

पण त्यांचा उपयोग काय? पकड घट्ट व्हावी म्हणून, असं आपण ऐकलेलं. २००९ मध्ये मँचेस्टरच्या संशोधकांनी गुळगुळीत अ‍ॅक्रिलिकवर बोट घासून पाहिलं, तर रेषांमुळे टेकणारी कातडी उलट एक तृतीयांशाने कमी भरली! त्याच वर्षी पॅरिसच्या गटाने कृत्रिम बोट वापरून दाखवलं, की खरखरीत वस्तूवरून फिरताना या रेषा कातडीखालच्या संवेदकांना नेमकी भावणारी थरथर वाढवतात. म्हणजे ठसे स्पर्शाच्या कामाचे. ओळख पटवण्याची ड्युटी आपण नंतर लावली. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका करारावर हाताचा ठसा घेतला.

आजीने आयुष्यभर भातखाचरात लावणी केली, विळ्याने कापणी केली. रेषांची धार झिजली, वयानेही उठाव कमी झाला. पण मूळ नकाशा खालच्या थरात शाबूत असतो. हातांना आराम मिळाला की झिजलेल्या रेषा बऱ्याच अंशी वर येतात. शिवाय आधारमध्ये एकटा अंगठा नसतो, दहाही बोटं आणि दोन्ही बुबुळं असतात.

पुढच्या वेळी मी सोबत गेलो. "दुसरं बोट घ्या ना," म्हटलं. डाव्या हाताचं मधलं बोट लागलं!

घरी येऊन आजीने पिशवीत हात घातला, तांदूळ बोटांत चोळला आणि न बघताच म्हणाली, "जुना हाय. पाणी जास्त घाल."

मशीनला न दिसणारी बोटं अजून कामावर होती.