धनगरांचा वाडा व शेतकऱ्याची विहीर

दिवाळी आटोपली कीं सातारा व पुणें जिल्ह्यांच्या अवर्षणी टापूंतील धनगर घोड्यांवर बिऱ्हाड लादून कोंकणांत उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडीं घाट चढून माघारे येतात. भाताचीं शेतें तेव्हां मोकळीं असतात; त्यांत रात्रीं मेंढ्या बसविल्या म्हणजे लेंडी व मूत्र जागच्या जागीं मुरून उत्तम खत मिळतें. मेंढ्या किती, मुक्काम किती रात्रींचा, मोबदला धान्याचा कीं रोकडीचा, हें सर्व तोंडीं परंतु चोख ठरतें. पाण्याचा मात्र या ठरावांत उल्लेख नसतो.

कोंकणांत नोकरीस असतां पीकपाहणीच्या तपासणीसाठीं मी एका गांवीं गेलों होतों. खळ्याशेजारीं वाडा उतरला होता. मालकाची विहीर पन्नास पावलांवर; पण तिच्या तोंडाशीं काट्यांची फांदी ओढलेली. वाड्यावरील एक बाई, जेथें मेंढरें व घोडीं तहान भागवीत, त्याच ओहळाच्या डबक्यांतून हंडा भरीत होती. तिचें लहान पोर दोन दिवस ढाळांनीं निपचित पडलें होतें. मीं विचारलें तेव्हां ती म्हणाली, "सायेब, मेंढरं चालत्यात रानात, हिरीवर हंडा चालत न्हाई." माझ्याजवळील उताऱ्यांत त्या विहिरीची नोंद होती. ती बरोबर असल्याचें पाहून मीं सही केली व पुढें गेलों. मालकास एक शब्द बोललों नाहीं. आठवड्यानें पुन्हां गेलों तों वाडा हाललेला होता.

धनगर अस्वच्छ, असा आपला सरसकट शेरा असतो. पाणी फडक्यानें गाळण्याची चाल त्यांच्यांतहि आहे, व नारू हटविण्यास हीच चाल मोठी उपयोगी पडली. १९९६ नंतर भारतांत नारूचा रोगी आढळला नाहीं. परंतु हगवणीचे जंतू फडक्यांतून सहज पार होतात, आणि तुरटीनें गाळ बसला तरी ते मरत नाहींत. उकळणें उत्तम, पण तीन दगडांच्या चुलीस रोज सरपण हुडकावें लागतें. निदान मुलांपुरतें पाणी उकळावें, बाकीच्यांत आरोग्यकेंद्रांतून मिळणारें क्लोरीनचें औषध घालावें. ढाळ लागल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, असें घोटघोट पाजीत राहावें. साबण नसला तरी हात धुण्यास चुलींत राख असतेच. चार दिवसांनीं हालणाऱ्या वाड्यास संडास कोठून? शौचासाठीं पाणवठ्यापासून दूर, उताराच्या खालच्या अंगास खड्डा घेऊन माती लोटावी.

कुत्र्यांकडे कोणाचेंच लक्ष जात नाहीं. मेलेल्या मेंढीचें काळीज-फुप्फुस कच्चें टाकल्यास त्यांतील पाण्याच्या गांठींपासून कुत्र्याच्या आंतड्यांत बारीक पट्टकृमी होतात. त्यांचीं अंडीं विष्ठेवाटे पाण्यांत व माणसांच्या हातांवर येतात, आणि माणसाच्या यकृतांत तशीच गांठ वर्षानुवर्षें वाढत राहते. असे अवयव खोल पुरावेत व कुत्र्यांस पशुवैद्याकडून जंतांचें औषध द्यावें.

पांच माणसांच्या बिऱ्हाडास पिण्यारांधण्यापुरते रोज दोन-तीन हंडे लागतात. विहिरीवरचा पंप तेवढें पाणी मिनिटाच्या आंत उपसतो. मेंढ्या बसविण्याचा ठराव करतांनाच हे हंडे ठरवावेत, दोर व पोहरा आपला द्यावा, आणि जनावरांसाठीं विहिरीपासून लांब डोण भरून ठेवावी.