गाडीखालच्या तीन रबरी नळ्या

दसरा-दिवाळी आली की उपनगरांतल्या सोसायट्यांच्या आवारांत गाड्यांना अभ्यंगस्नान घडते. नाकावर झेंडूचा हार चढतो, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, चाकाखाली लिंबू ठेवले जाते. त्याच चाकाच्या आतल्या बाजूला करंगळीएवढी जाड, काळी रबरी नळी असते. तिला ना कुंकू, ना फूल! आणि घाट उतरताना साऱ्या कुटुंबाचा जीव मात्र तिच्यावरच टांगलेला असतो.

उपनगरांचे आणि फियाटचे नाते घरोब्याचे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाईल्सचा कारखाना कुर्ल्याला होता. ‘फियाट ११००’ तिथूनच बाहेर पडे. पुढे तिचीच ‘प्रीमिअर पद्मिनी’ झाली. ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. पण वडिलांची आठवण म्हणून घरची पद्मिनी जिवापाड जपणारी कुटुंबे आजही आहेत. हे चार शब्द मुख्यत्वे त्यांच्यासाठी.

रबर कशाला?

आपण ब्रेक दाबतो तेव्हा मास्टर सिलिंडरमधले तेल लोखंडी नळ्यांतून चाकांकडे ढकलले जाते. पण चाक खड्ड्यात वरखाली होते, पुढचे तर वळतेही. तिथे लोखंडी नळी कशी टिकणार? म्हणून शेवटचा वीतभर मार्ग रबरी नळीचा. पुढच्या दोन चाकांना एकेक आणि मागच्या आसाला एक, अशा या तीन नळ्या. आत रबर, मध्ये विणलेल्या धाग्यांचे पदर, वर पुन्हा रबर. जोराने ब्रेक दाबला की टायरातल्या हवेच्या तीसपट किंवा त्याहूनही अधिक दाब तिला सोसावा लागतो.

आजच्या गाड्यांत तेलाचे दोन स्वतंत्र मार्ग असतात. एक गेला तरी दुसरा साथ देतो. जुन्या फियाटच्या रचनेत चारही चाकांना मिळून मार्ग एकच. एक नळी फुटली, की चारही चाकांचे ब्रेक गेले!

बाहेरून शहाणी, आतून बंद

‘गाडी फारशी चालवतच नाही, मग नळी झिजेल कशी?’ असे तुम्ही म्हणाल. पण ही नळी झिजत नाही, म्हातारी होते. उभ्या गाडीतही रबर वाळतेच. त्यात आपला पावसाळा आणि खारी हवा. सहाएक वर्षे उलटली की तिच्याकडे संशयानेच पाहावे.

तपासणी अवघड नाही. नळी पुसून, हलकेच वाकवून उजेडात पाहा. भेगा, ओलसरपणा, घासल्याची खूण दिसली तर ती बाद. मग कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. नळी कुठे फुगत असेल तर तीही बाद.

खरा दगा देते ती बाहेरून धडधाकट दिसणारी नळी. आतले रबर फुगून भोक अरुंद होते. पायाच्या जोराने तेल चाकाकडे जाते, पण पाय काढल्यावर परत येत नाही. चाक धरून राहते, तापते, गाडी एका बाजूला ओढते. आपण ब्रेकचे शू बदलतो आणि दोष तसाच राहतो!

याची परीक्षा अशी. धरलेले चाक उचलून घ्या. नळीच्या वरच्या टोकाचा, लोखंडी नळीचा नट किंचित सैल करा. चाक तरीही मोकळे झाले नाही, पण चाकाजवळचे निपल सैल करताच झाले, तर गुन्हेगार नळीच.

बदलताना

एक खराब निघाली तर तिन्ही बदला. त्यांचे वय एकच. कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर सुटे भाग मिळतात, पण खोक्यात वर्षानुवर्षे पडलेली ‘नवी’ नळी नवी नव्हे. तिच्यावरची तारीख पाहून मगच घ्या.

काम जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्यावे. मालकाने मात्र शेजारी उभे राहावे आणि पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

गाडी नुसत्या जॅकवर नको, खाली भक्कम घोडे हवेत. गंजलेल्या नटाला आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल द्यावे. नळी एका पान्याने धरून नट दुसऱ्याने सोडवावा, नाहीतर लोखंडी नळी पिळवटते. तांब्याचे वायसर नवेच घालावेत. नवी नळी पीळ न पडता बसावी. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून ती कुठे घासत वा ताणत नाही ना, हे पाहावे.

मग ब्रेकमधली हवा काढायची. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचे चाक आधी: मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, शेवटी पुढचे उजवे. बाटलीत निघालेले तेल पुन्हा वापरू नये. ब्रेक ऑइलच्या जागी इंजिन ऑइल तर कधीच घालू नये. त्याने रबर फुगते. रंगावर सांडलेले ब्रेक ऑइल लगेच पाण्याने धुवावे, नाहीतर रंग जातो.

शेवटी इंजिन बंद ठेवून ब्रेक मिनिटभर जोराने दाबून धरा. पेडल खाली जाता कामा नये, कुठे थेंब दिसता कामा नये. मग आवारातच हळू फेरी मारा.

आणि चालत्या गाडीत नळी फुटलीच, तर? घाबरू नये. पाय ॲक्सिलरेटरवरून काढावा, एकेक गिअर खाली उतरवावा आणि हातब्रेक हळूहळू ओढावा; त्याचा या तेलाशी संबंध नसतो.

पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडीची नोंदणी नव्याने करावी लागते. अंधेरी, बोरीवली वा वडाळा आर.टी.ओ.ची वारी करण्याआधीच या नळ्या पाहून घ्या. सुटीत बोरघाट उतरणार असाल, तर तेवढीही वाट पाहू नका. बॉनेटची चकाकी शेजाऱ्यांसाठी असते. या तीन नळ्या मागच्या सीटवर बसलेल्या आपल्या माणसांसाठी आहेत.