नाव बदलले, पण संगणकातील नोंद?

फेब्रुवारी २०२३ मध्ये उस्मानाबाद शहराचे अधिकृत नाव धाराशिव झाले. जिल्ह्याच्या नावाची अंतिम अधिसूचना मात्र सप्टेंबर २०२३ मध्ये निघाली. नामफलक बदलणे हे डोळ्यांना दिसणारे काम; संगणकप्रणालीत ठिकठिकाणी लिहिलेले नाव बदलणे त्याहून किचकट होय. ते किती जड जाईल, हे प्रणालीच्या कॉन्फिगरेशन फाइल कशा लावल्या आहेत यावर अवलंबून असते.

जावास्क्रिप्टमधील संकेतस्थळ वाचकापर्यंत पोहोचण्यापूर्वी त्याच्या अनेक फाइल तपासल्या जातात, एकत्र जोडल्या जातात आणि त्यांचा आकार कमी केला जातो. ही कामे आपोआप करणारे ‘ग्रंट’ हे साधन २०१२ मध्ये आले. कोणते काम कोणत्या फाइलवर करायचे, याच्या सूचना ‘ग्रंटफाइल’मध्ये लिहितात. आरंभी ती आटोपशीर असते. पुढे कामे वाढतात आणि तेच नाव, तोच फोल्डरचा पत्ता पाच ठिकाणी लिहिला जातो. बदल करताना चार जागा सापडतात, पाचवी राहून जाते.

यावर उपाय दोन. पहिला, प्रत्येक कामाच्या सूचना त्या कामाच्याच नावाच्या स्वतंत्र फाइलमध्ये ठेवाव्यात. मुख्य फाइलने त्या फक्त गोळा कराव्यात. ‘लोड-ग्रंट-कॉन्फिग’ हे पूरक साधन हेच करते. दुसरा, सामाईक माहिती एकदाच लिहावी आणि इतरत्र तिचा केवळ संदर्भ द्यावा. अशा संदर्भांची सोय ग्रंटमध्ये मुळातच आहे. पासवर्ड मात्र या फाइलमध्ये कधीही लिहू नयेत.

एकदाच लिहिणे म्हणजे भिन्न गोष्टी एक करणे नव्हे. शहर आणि जिल्हा यांची नावे सारखी असली तरी नोंदी दोन हव्यात. कारण २०२३ मध्ये ती एकाच दिवशी बदलली नाहीत. वाहनांचा ‘एमएच २५’ हा संकेतांक मात्र नामांतरानंतरही कायम राहिला. प्रणालीनेही जिल्हा ओळखावा तो अशा स्थिर संकेतांकावरून. नाव केवळ दाखवण्यापुरते असावे.

‘सगळीकडे शोधा आणि बदला’ हा मार्ग सोपा वाटतो, पण तो फसवा आहे. ‘उस्मानाबादी’ हे शेळीच्या प्रसिद्ध जातीचे नाव आहे. आंधळेपणाने शब्द बदलल्यास पशुपालकांच्या माहितीत ‘धाराशिवी’ शेळी अवतरेल! जुन्या दस्तऐवजांतील नावेही तशीच राहणे आवश्यक असते.

शेवटी, मूळ नोंद बदलल्यावर ग्रंट पुन्हा चालवणे विसरू नये. आधी तयार झालेल्या फाइलमध्ये जुनेच नाव असते आणि वाचकाला तेच दिसत राहते.