काम सुटल्यावर हाती येणारे पैसे आणि इन्कम टॅक्स

जून संपत आला की मंचर, नारायणगाव, ओतूरच्या सेवा केंद्रांवर रिटर्न भरणाऱ्यांची गर्दी होते आणि आमच्याकडे एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडांनी येतो : "काम सुटलं, त्याचे थोडे पैसे मिळाले, आता त्यावर टॅक्स बसणार का?" विचारणारीच्या आवाजात भीती असते. आधीच काम गेलेलं, त्यात सरकारची नोटीस आली तर काय घ्या! आज तेवढाच विषय घेऊ.

पहिली गोष्ट अशी की आपल्याकडे 'बेरोजगारी भत्ता' नावाचा एकच एक पैसा नाही. अमेरिकेत काम गेलेल्याला सरकार दर आठवड्याला भत्ता देतं आणि १९८७ पासून त्या पूर्ण भत्त्यावर केंद्राचा कर लागतो. जर्मनीत तो भत्ता करमुक्त असतो, पण वर्षाच्या बाकीच्या कमाईचा कराचा दर मात्र तो धरून ठरवतात. आपल्याकडे पाच-सहा ठिकाणांहून थोडे थोडे पैसे येतात. काही मालकाकडून, काही पीएफमधून, काही ईएसआयकडून, काही रोजगार हमीतून. प्रत्येकाचा नियम निराळा, म्हणूनच गोंधळ होतो.

गावातल्या कामापासून सुरुवात करू. आहुपे, डिंभे, आपटाळे या पश्चिम पट्ट्यात भातलावणी उरकली की हाताला काम नसतं. रोजगार हमीत नमुना ४ भरून काम मागितलं आणि १५ दिवसांत मिळालं नाही, तर बेरोजगार भत्ता मिळण्याचा हक्क आहे. पहिले ३० दिवस मजुरीच्या निदान पाव हिस्सा, पुढे निदान निम्मा. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे भत्ता आधी ७८ रुपये, मग १५६. या भत्त्याला आयकर कायद्यात नावाने अशी सूट दिलेली नाही. पण २०२५-२६ च्या नियमाने मजुरी आणि भत्ता मिळून कुटुंबाला १०० दिवसांच्या मजुरीएवढे पैसे मिळाले की केंद्राच्या कायद्याचा हा हक्क तिथे संपत होता. ते होतात ३१,२०० रुपये. दुसरी मोठी कमाई नसेल तर एवढ्यावर कर लागण्याचा प्रश्नच येत नाही. इथली खरी अडचण टॅक्सची नाही, पोचपावतीची आहे. तोंडी मागणीला तारीख नसते आणि तारीख नसली की १५ दिवस कुठून मोजायचे? मागणी लेखी द्या आणि तारीख घातलेली पोच घेतल्याशिवाय ग्रामपंचायतीतून उठू नका.

आता कंपनीतल्या कामाकडे येऊ. आपल्या दोन्ही तालुक्यांतल्या कितीतरी बायका चाकणला, रांजणगावला कंपनीच्या बसने जातात. ऑर्डर कमी झाल्या की कामावरून कमी करतात. त्या दिवशी एक कागद पुढे येतो आणि "इथे सही करा, हिशेब लवकर होईल" असं सांगतात. तो कागद आधी वाचा. त्यावर 'राजीनामा' लिहिलंय की 'कामावरून कमी केले' लिहिलंय, या एका शब्दावर बरेच पैसे अवलंबून असतात आणि त्यावरचा करही.

का ते सांगतो. कामगाराची किमान वर्षभर सलग नोकरी झाली असेल आणि मालकाने तिला कामावरून कमी केलं, तर कायद्याप्रमाणे महिन्याची नोटीस किंवा त्याऐवजी महिन्याचा पगार द्यावा लागतो. शिवाय दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. शेवटचं वर्ष अपुरं असलं तरी सहा महिन्यांपेक्षा जास्त भरलं असेल तर ते पूर्ण धरतात. ही भरपाई, कायद्याने बसते तेवढी आणि पाच लाखांच्या आत असेल तर, करमुक्त आहे. स्वतःहून राजीनामा दिला असं कागदावर आलं की ही भरपाईच राहत नाही, मग करमुक्तीचं काय घेऊन बसलात!

उदाहरण घेऊ. समजा घोडेगावच्या एका ताईंचा पगार १८,००० होता, त्यातले मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १३,०००. नोकरी ७ वर्षं ८ महिने झाली आणि डिसेंबर २०२४ अखेर त्यांना कमी केलं. भरपाई : १५ दिवसांचे ९,०००, गुणिले ८ वर्षं, म्हणजे ७२,०००. करमुक्त. ग्रॅच्युइटीची पाच वर्षं भरलेली आहेत. तिथे महिना २६ दिवसांचा धरतात, म्हणून १३,००० गुणिले १५ भागिले २६, झाले ७,५००. आठ वर्षांचे ६०,०००. हेही करमुक्त, कारण खासगी नोकरीतल्या ग्रॅच्युइटीची मर्यादा २० लाखांची आहे. नोटिशीऐवजी मिळालेला महिन्याचा पगार, १८,०००, हा मात्र पगारच, तो उत्पन्नात धरायचा. शिल्लक रजेचे पैसे नोकरी सोडताना मिळाले तर २५ लाखांपर्यंत सूट आहे. नोकरीत असतानाच रजा विकली असेल तर त्याला सूट नाही.

शिवाय ताईंचा ईएसआय कापला जात होता. ईएसआय म्हणजे फक्त दवाखाना असंच आपल्याकडे बहुतेकींना वाटतं. पण २०१८ पासून 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' आहे. काम सुटलेल्या विमाधारकाला सरासरी रोजाच्या निम्मी रक्कम, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदा मिळते. किमान दोन वर्षं विमा असावा लागतो आणि ठरावीक दिवसांचे हप्ते भरलेले असावे लागतात. गैरवर्तनामुळे काढलं असेल किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल तर मिळत नाही. ताईंचा रोज साधारण ६००, त्याचे निम्मे ३००, नव्वद दिवसांचे २७,०००. ही रक्कम उत्पन्नात धरून चाललो तरी काय होतं बघा. एप्रिल ते डिसेंबरचा पगार १,६२,०००, नोटिशीचे १८,००० आणि हे २७,०००, एकूण २,०७,०००. त्यातून पगारदारांची ७५,००० ची प्रमाणित वजावट जाते. नव्या पद्धतीत २०२४-२५ साठी तीन लाखांपर्यंत कर नव्हताच. ताईंना एक रुपयाही टॅक्स नाही.

आता पीएफ. जास्तीत जास्त पैसे इथेच कापले जातात, म्हणून इथे जरा थांबू. सलग पाच वर्षं नोकरी झाली असेल तर काढलेला पीएफ करमुक्त. पाच वर्षांच्या आत काढला तर मालकाचा वाटा आणि त्यावरचं व्याज पगारासारखं धरतात, आपल्या वाट्यावरचं व्याज इतर उत्पन्नात जातं. पण याला अपवाद आहे आणि तो कुणी सांगत नाही. आजारपणामुळे, मालकाचा धंदा आटोपल्यामुळे किंवा कमी झाल्यामुळे, अथवा कामगाराच्या हातात नसलेल्या कारणाने नोकरी गेली असेल तर पाच वर्षांच्या आतला पीएफही करमुक्त आहे. इथे पुन्हा तोच कागद आडवा येतो. कागदावर राजीनामा असेल तर कारण हातात नव्हतं हे सिद्ध कसं करणार? पीएफच्या खात्यात नोकरी सोडल्याचं कारण मालक भरतो. तिथे काय भरलंय ते मोबाईलवर उघडून बघा आणि कामावरून कमी केल्याचं पत्र मागून घ्या.

मुलींसाठी एक वेगळी गोष्ट. पीएफच्या जुन्या नियमांत लग्नासाठी नोकरी सोडणाऱ्या मुलीला दोन महिने थांबायची अट नव्हती, लगेच पैसे काढता येत होते. पण कराच्या नियमात लग्नाचं नाव नाही. घाईने काढलेला तीन वर्षांचा पीएफ करात येऊ शकतो. पुढे पुन्हा नोकरी करायचा विचार असेल तर पैसे न काढता नव्या खात्यात वर्ग करा. मग आधीची वर्षंही त्या पाच वर्षांत मोजली जातात. ठेकेदार बदलला की नवीन पीएफ क्रमांक पडतो, त्यामुळे ठेकेदारीवरच्या बायकांची वर्षं अशीच तुटत जातात. यूएएन मात्र एकच ठेवायचा असतो.

पाच वर्षांच्या आत ५०,००० किंवा त्याहून जास्त पीएफ काढला आणि तो करपात्र असला तर दहा टक्के टीडीएस कापतात. पॅन जोडलेला नसेल तर वीस टक्के. ९०,००० काढले तर ९,००० गेले, पॅन नसेल तर १८,०००. वर्षाचं उत्पन्न कराच्या मर्यादेत असेल तर दाव्याबरोबरच तसं लिहून देणारा फॉर्म भरा, म्हणजे कापणार नाहीत. कापलेच असतील तर ते बुडाले असं समजू नका. रिटर्न भरलं की परत मिळतात.

आणि इथे बायका अडतात. "रिटर्न भरलं तर लाडकी बहीण बंद होईल ना?" त्या योजनेची अट कुटुंबात आयकर भरणारं कुणी नसावं अशी आहे. रिटर्न भरणं आणि कर भरणं एक नाही. शून्य कराचं रिटर्न म्हणजे आपण कर देणं लागत नाही हे लेखी सांगणं. कौटुंबिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असण्याची अट मात्र स्वतंत्र आहे, तेवढी आपली आपण तपासा.

साखर कारखान्यावर, म्हणजे विघ्नहर किंवा भीमाशंकरवर, घरचं कुणी हंगामी कामाला असेल तर हंगाम संपणं म्हणजे कामावरून कमी करणं नव्हे. बंद काळात कारखान्याकडून मिळणारा रिटेन्शन भत्ता पगारातच धरायचा. हंगामी कामगाराची ग्रॅच्युइटी दर हंगामाला सात दिवसांची असते.

आणखी एक समज पश्चिम पट्ट्यात फार पसरलेला आहे : आदिवासींना इन्कम टॅक्स माफ असतो. ती सूट ईशान्येकडच्या ठरावीक प्रदेशांत आणि लडाखमध्ये राहणाऱ्या अनुसूचित जमातींना, तिथल्या उत्पन्नापुरती आहे. महादेव कोळी, ठाकर, कातकरी घरांतल्या नोकरदारांना नियम इतरांसारखेच लागू आहेत.

पगारातून कापला जाणारा प्रोफेशनल टॅक्स हा इन्कम टॅक्सहून वेगळा. तो राज्याचा, १९७५ च्या कायद्याचा, आणि आणला गेला तो रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठी. १९७२ च्या दुष्काळातल्या खडी फोडण्याच्या कामांची आठवण घरातल्या म्हाताऱ्यांना असेल, त्या मजुरीमागे पुढे शहरातल्या नोकरदारांचा हा पैसा उभा राहिला. १ एप्रिल २०२३ पासून महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या बायकांना तो माफ आहे. तुमच्या पावतीवर अजून कापलेला दिसत असेल तर कंपनीत विचारा.

२०२५ मध्ये रिटर्नची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर केली होती. जाताना पॅन, बँकेचं पासबुक, हिशेबाचा कागद आणि कामावरून कमी केल्याचं पत्र न्या. सेवा केंद्रावाल्याला २६ एएस उघडून टीडीएस दिसतोय का ते दाखवायला सांगा. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत ते आधारच्या ओटीपीने व्हेरिफाय करावं लागतं, नाहीतर भरलं असं धरत नाहीत. तेव्हा आधारला जोडलेला मोबाईल बरोबर ठेवा. तो यजमानांच्या खिशात असेल तर त्यांनाही बरोबर न्या.